डब्लिनमधला मोकळा दिवस आला कुठून?

वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनमध्ये फेरफटका मारायचा तर एवढे पैसे भरून फाटकाची किल्ली घ्यावी लागे. १८१४ पासून या बागेचा कारभार भोवतालच्या बड्या घरमालकांच्या हाती गेला होता. चारी बाजूंनी कुंपण, फाटकांना कुलपं. रस्त्याने जाणाऱ्याला आतली झाडं दिसायची, इतकंच. आज त्याच फाटकातून कुणीही आत शिरतं, तळ्याकाठी बसून दुपारचा डबा खातं आणि उठून चालू लागतं. कुणी काही विचारत नाही.

डब्लिनमध्ये एखादा दिवस मोकळा मिळाला तर कुठे जावं, याच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. बाग, म्युझियम, चित्रं, लिफी नदीवरचा पांढरा पूल, फिनिक्स पार्कमधली हरणं. यातल्या बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे शहर पहिल्यापासूनच असं उदार असणार. पण यातली एकेक जागा कधी ना कधी बंद होती. ती उघडण्यासाठी कुणाला कायदा करून घ्यावा लागला, कुणी मृत्युपत्रात तजवीज केली, कुणी वर्षानुवर्षं वाद घातला. आणि ज्या मोकळ्या दिवसाच्या जोरावर आपण फिरायला निघतो, तो दिवसही असाच मिळवलेला आहे. म्हणून आधी त्याच्याबद्दल.

कामकऱ्याच्या वाट्याला शतकानुशतकं एकच दिवस होता, रविवार. आणि नेमक्या त्याच दिवशी शहरातल्या चांगल्या जागा बंद असत, किंवा खिशाला परवडत नसत. फिनिक्स पार्कमधलं प्राणिसंग्रहालय १८३१ मध्ये उघडलं तेव्हा प्रवेशाला सहा पेन्स पडत. मजुराच्या घराला ही रक्कम जड होती. १८३८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकानिमित्त एक दिवस दार सगळ्यांना खुलं ठेवलं, तर २०,००० माणसं आली. लोकांना यायचं होतं, अडत होतं ते पैशापाशी. पुढे १८४० मध्ये रविवारचा दर एक पेनी झाला आणि प्राणी बघायला जाणं हा डब्लिनकरांच्या घराघरातला बेत झाला. ग्लासनेव्हिनची वनस्पती उद्यानं १७९५ पासूनची, पण रविवारी तिथे प्रवेश नसे. धर्माच्या दिवशी करमणूक कशाला, असं म्हणणारे पुष्कळ होते. बराच वाद होऊन १८६१ मध्ये ती रविवारीही उघडू लागली.

१८७१ च्या कायद्याने बँक हॉलिडे आले. ईस्टरनंतरचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार, नाताळानंतरचा सेंट स्टीफनचा दिवस. सेंट पॅट्रिकच्या दिवसाला सुटी मिळायला १९०३ उजाडलं. आयर्लंडच्या राजकीय इतिहासातला सर्वांत मोठा आठवडाही एका सुटीनेच सुरू झाला. २४ एप्रिल १९१६, ईस्टर मंडे. कचेऱ्या बंद, बरेच ब्रिटिश अधिकारी फेअरीहाऊसच्या घोड्यांच्या शर्यतींना गेलेले, लोक रस्त्यांवर सुटीच्या कपड्यांत. त्या गर्दीच्या देखत ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी जनरल पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं आणि पायऱ्यांवर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचून दाखवला.

पगारी रजेची लढाई त्याहून उशिराची, आणि माझ्या मते तिची आठवण फार कमी ठेवली जाते. १९३९ च्या कायद्याने कामगारांना वर्षाला एक आठवडा पगारी रजा दिली. डब्लिनच्या धुलाई कारखान्यांतल्या बायकांनी दुसरा आठवडा मागितला. वाफ, उष्मा, ओल्या फरशीवर दिवसभर उभं राहणं, आणि युद्धाच्या वर्षांत वाढलेलं काम. मालक ऐकेनात. जुलै १९४५ मध्ये आयरिश स्त्री कामगार संघटनेच्या सुमारे १,५०० बायका संपावर गेल्या आणि १४ आठवडे मागे हटल्या नाहीत. अखेर पंधरा दिवसांची रजा कबूल झाली. साऱ्या देशातल्या कामगारांना ती कायद्याने मिळायला १९६१ साल यावं लागलं. डब्लिनमध्ये दिवसभर रमतगमत हिंडणाऱ्याने या बायकांचे आभार मानायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

या लोकांना मोकळी हवा इतकी का हवी होती, हे त्यांची घरं पाहिल्यावर कळतं. १८०० च्या कायद्याने आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट बरखास्त झाली. सरदार, उमराव, खासदार लंडनकडे वळले आणि त्यांचे विटांचे चौमजली वाडे हळूहळू खोल्याखोल्यांनी भाड्याने गेले. १९११ च्या खानेसुमारीत शहराच्या मध्यभागात सुमारे २६,००० कुटुंबं अशा वाड्यांत राहत होती आणि त्यांपैकी २०,००० कुटुंबांचा संसार एकाच खोलीत होता. हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या १४ नंबरच्या एका घरात तर १०० माणसं. ते घर आता संग्रहालय आहे. नक्षीचं छत वर तसंच, आणि खाली एकेका दालनात एकेक बिऱ्हाड.

आता पुन्हा सेंट स्टीफन्स ग्रीनकडे. गिनेस बिअरच्या संस्थापकाचा पणतू आर्थर एडवर्ड गिनेस याने १८७७ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घेतला, बाग नव्याने आखण्याचा खर्च स्वतः केला आणि २७ जुलै १८८० रोजी ती लोकांसाठी खुली झाली. पश्चिमेच्या बाजूला त्याचा बसलेला पुतळा आहे. १९१६ च्या त्या आठवड्यात बंडखोरांनी याच बागेत खंदक खणले आणि भोवतालच्या उंच इमारतींवरून त्यांच्यावर गोळीबार झाला. तरीही रखवालदाराला तळ्यातल्या बदकांना दाणे घालता यावेत म्हणून दोन्ही बाजू दिवसातून दोनदा बंदुका थांबवत. एका मोठ्या लढाईतली एवढीशी गोष्ट, पण डब्लिनकर ती अजून प्रेमाने सांगतात.

फिनिक्स पार्कला जाताना मराठी माणसाने थोडा जास्त वेळ हाताशी ठेवावा. १६६२ मध्ये ड्यूक ऑफ ऑर्मंडने राजाच्या शिकारीसाठी हे कुरण भिंत घालून बंदिस्त केलं. तेव्हा सोडलेल्या हरणांचा कळप आजही तिथे चरतो. भिंतीच्या आत ७०७ हेक्टर जागा आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला लॉर्ड चेस्टरफील्डने ती लोकांना खुली केली. नावाचा फिनिक्स पक्ष्याशी संबंध नाही. स्वच्छ पाणी या अर्थाच्या ‘फिन इश्के’ या आयरिश शब्दांचं इंग्रजी तोंडात झालेलं ते रूप.

शहराच्या बाजूने आत शिरलं की थोड्या अंतरावर ६२ मीटर उंचीचा दगडी सुळका दिसतो. वेलिंग्टनचं स्मारक. पायाशी उतरत्या पायऱ्या, त्यांवर मुलं चढत-घसरत असतात. हा वेलिंग्टन मूळचा डब्लिनचा आर्थर वेलस्ली. वॉटर्लूमुळे जगाला माहीत झाला, पण त्याआधी १८०३ मध्ये त्याने ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला आणि डिसेंबरात गाविलगड सर केला. स्मारकाच्या तळाशी ब्राँझचे चौकोनी शिल्पपट आहेत. वॉटर्लूत हाती लागलेल्या तोफा वितळवून ते ओतले, आणि त्यांतल्या एकाचा विषय आहे भारतातली युद्धं. आसईचं रणांगण आणि डब्लिनमधला हा सुळका एकाच माणसाच्या चरित्राची दोन टोकं आहेत, हे ध्यानात ठेवून त्या पायऱ्यांवर बसलं की समोरची हिरवळ वेगळी दिसते. याच पार्कमध्ये पूर्वी ह्यू गफ या सेनापतीचा अश्वारूढ पुतळा होता. १८४३ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेला महाराजपूरच्या लढाईत हरवणारा तो हाच. १९५७ मध्ये स्फोट घडवून तो पुतळा पाडण्यात आला. पुढे दुरुस्त होऊन तो इंग्लंडात गेला. वेलिंग्टनचा सुळका मात्र जागचा हलला नाही.

त्याचं नाव आणखी एका ठिकाणी लागलं होतं. लिफीवरचा तो पांढरा, बाकदार, लोखंडी पूल १८१६ मध्ये बांधला तेव्हा त्याला वेलिंग्टन पूल म्हणत. लोकांनी ते नाव काही तोंडात बसू दिलं नाही. पूल ओलांडायला अर्धी पेनी पडायची, म्हणून तो ‘हेपनी ब्रिज’. त्याच्या आधी तिथे होड्या चालत. होडीवाल्याला दोनच पर्याय दिले गेले, होड्या डागडुजी करून धड कर किंवा पूल बांध. त्याने पूल बांधला आणि टोल वसुलीचा हक्क घेतला. दोन्ही टोकांना फिरती फाटकं बसवली होती. ती १९१९ पर्यंत राहिली. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं गरीब माणसाने अर्धी पेनी वाचवायला पुढच्या पुलापर्यंत पायपीट केली असणार.

पाऊस आला, आणि डब्लिनमध्ये तो येतोच, की पावलं किल्डेअर स्ट्रीटकडे वळतात. तिथलं राष्ट्रीय संग्रहालय १८७७ च्या कायद्याने स्थापन झालं आणि त्याची इमारत १८९० मध्ये उघडली. प्रवेश विनामूल्य. टाराचा ब्रोच, म्हणजे वस्त्राला लावायची कडीसारखी पिन, आर्डाचा चषक, सोन्याचे गळ्यातले दागिने हे सगळं पाहण्यासारखंच आहे, पण मी एका अंधाऱ्या दालनाविषयी सांगेन. तिथे ओल्ड क्रोहन मॅन आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मारून दलदलीत टाकलेला माणूस, २००३ मध्ये ऑफली काउंटीत चर खणताना सापडला. डोकं नाही, कमरेखालचं शरीर नाही. पण हात आहेत. दलदलीच्या पाण्याने कातडी चामड्यासारखी तांबूस झाली आहे, बोटांवरच्या सुरकुत्या मोजता येतात आणि नखं नीट राखलेली आहेत. दंडावर विणलेल्या चामड्याचा पट्टा. कष्टाची कामं न केलेल्या कुणा मोठ्या घरच्या माणसाचे हे हात असावेत, असं अभ्यासक म्हणतात. काचेपाशी उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो.

जवळच मेरियन स्क्वेअरला राष्ट्रीय चित्रदालन आहे. विल्यम डार्गन हा आयर्लंडभर रेल्वे बांधणारा कंत्राटदार. १८५३ मध्ये त्याने स्वतःच्या पैशाने डब्लिनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरवलं. त्यातल्या चित्रांना झालेली गर्दी पाहून कायमच्या दालनाची कल्पना पुढे आली आणि १८६४ मध्ये ते उघडलं. या दालनाला दात्यांनी जगवलं. हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाच्या मृत्युपत्राने १९०० मध्ये इंग्रज चित्रकार टर्नरची ३१ जलरंगचित्रं दालनाला मिळाली ती अटीसह. फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तेव्हा उजेड सर्वांत मंद असतो आणि रंग उडत नाहीत. आणि बघायला पैसे घ्यायचे नाहीत. ती अट आजतागायत पाळली जाते. जॉर्ज बर्नार्ड शॉचं शाळेत कधी जमलं नाही. आपल्या शिक्षणाचा मोठा वाटा तो या दालनाला देत असे. १९५० मध्ये तो गेला तेव्हा मानधनाचा एक तृतीयांश हिस्सा त्याने दालनाला लिहून दिलेला होता. त्याच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी ‘ती फुलराणी’ लिहिलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

तिथलंच इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचं ‘द टेकिंग ऑफ क्राइस्ट’ हे १६०२ चं चित्र १९१६ च्या बंडापाशी येऊन पोचतं. बंड मोडल्यावर पर्सिव्हल ली-विल्सन या अधिकाऱ्याने पकडलेल्या बंडखोरांशी फार वाईट वर्तन केलं. १९२० मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची पत्नी मरी पुढे डॉक्टर झाली. तिने हे चित्र विकत घेतलं आणि दुःखाच्या दिवसांत आधार देणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंना भेट दिलं. कॅराव्हाज्जोची नक्कल म्हणून ते लीसन स्ट्रीटवरच्या त्यांच्या जेवणघरात कित्येक वर्षं टांगलेलं होतं. १९९० मध्ये दालनाचा एक जाणकार ते साफ करून देण्याच्या निमित्ताने बघायला गेला आणि ते अस्सल ठरलं. जेझुइटांनी ते विकलं नाही, दालनात ठेवायला दिलं. आता कंदिलाच्या उजेडातला तो ख्रिस्त कुणीही जाऊन पाहावा.

मेरियन स्क्वेअरची बाग हीसुद्धा कालपरवापर्यंत खासगी होती. १९३० मध्ये कॅथलिक चर्चने ती कॅथेड्रल बांधण्यासाठी विकत घेतली. कॅथेड्रल झालं नाही, आणि १९७४ मध्ये बाग महापालिकेकडे आली. तिथून दक्षिणेकडे दहा मिनिटं चाललं की फिट्झविल्यम स्क्वेअर लागतो. भोवती त्याच तऱ्हेची विटांची घरं, मध्ये हिरवळ, मोठी झाडं, लोखंडी कुंपण. जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या, काळातल्या डब्लिनच्या चौकांपैकी हा एकच अजून खासगी आहे. फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली भोवतालच्या किल्लीदारांकडे.