'ठेचा' लिहिलं होतं, 'वाटा' कशाला केलं?

घरच्या रेसिप्यांची पीडीएफ करायची ठरली आणि भरीत माझ्याकडे आलं. मी सरळ लिहिलं, जळगावकडच्या बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजा, साल काढा, लसूण-मिरची ठेचा, मग वांगंही ठेचा. टाईप करणाऱ्या भाच्याला 'ठेचा' दोनदा खटकलं म्हणून दुसऱ्या जागी त्याने 'वाटा' करून टाकलं. पुण्याच्या वहिनीने ते वाचून वांगं मिक्सरला लावलं आणि ताटात आली गुळगुळीत पेस्ट. २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं वांगं, गर भरपूर नि बिया कमी, त्याची ही गत बघून खरंच जीव तुटला.

दोन्ही शब्दांचा अर्थ विचारा, कोणीही 'बारीक करणे' सांगेल, घोळ तिथेच होतो. वाटणं म्हणजे पाट्यावर वरवंट्याने घासत, पाण्याचा हात लावत एकजीव करणं, तुकडा उरता कामा नये, त्यातून निघतं ते वाटण. ठेचणं म्हणजे वरून मारणं. दगडाला पाय लागून ठेच लागते ना, तोच दणका यात आहे. ठेचलेल्या मिरचीत बी दिसतं, लसूण दाताखाली येतो, वांग्याचा धागा राहतो आणि कळण्याच्या भाकरीसोबत मजा त्या धाग्याचीच.

भाजणं-शेकणं पण तसंच. हात भाजला तर मलम लावतो, कंबर शेकली तर बरं वाटतं. वांगं नुसतं शेकून भागत नाही, साल काळी पडून फुटली पाहिजे, तेव्हा कुठे धुराचा वास आत उतरतो.

सगळेच शब्द असे अडून बसत नाहीत हां. 'मीठ घाला' चं 'मीठ टाका' बिनधास्त करा, भाजीला काही फरक पडत नाही. मी एवढंच बघते की शब्द बदलल्यावर वाचणारी बाई कपाटातून कोणतं भांडं काढेल, खलबत्ता की मिक्सर? भांडं बदललं की जुना शब्द परत आणायचा, मग तो एका ओळीत दोनदा येवो नाहीतर चारदा. आमची आजी भरीत सांगताना 'ठेच, अजून ठेच' म्हणते, तिला कधी दुसरा शब्द शोधावा लागला नाही.

पीडीएफमध्ये आता परत 'ठेचा' आहे आणि भाच्याने त्याच ओळीत 'मिक्सर नको' असं ठळक करून टाकलंय.