लाकडी जमिनीवर जड सामान ठेवण्याआधी

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लोखंडी कपाट, तिजोरी, दिवाण, फ्रिज, व्यायामाचं यंत्र, माशांची टाकी: लाकडी जमिनीवर यातलं सगळं ठेवता येतं. ते कशावर टेकलंय, तेवढं मात्र बघावं लागतं. कोल्हापुरात नव्या फ्लॅटमध्ये लाकडी फ्लोअरिंग बसवणं आणि जुन्या वाड्यांतल्या माड्या घासून पॉलिश करणं, ही दोन्ही कामं आम्ही करतो. दोन्हीकडं जमीन खराब होण्याची कारणं जवळपास तीच असतात आणि त्यातली बहुतेक अगदी कमी खर्चात टाळता येतात. म्हणून हे पत्रक.

पाय केवढा आहे ते आधी मोजा

कपड्यांनी आणि भांड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट २०० किलोचं आहे असं धरू. पाय चार, म्हणजे एका पायावर ५० किलो. पाय अडीच सेंटीमीटर चौरस असेल तर तो जेमतेम सव्वासहा चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतो, आणि लाकडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ८ किलोचा भार येतो. त्याच पायाखाली १० बाय १० सेंटीमीटरचा ठोकळा ठेवला की भार अर्ध्या किलोवर येतो. कपाट तेच, सामानही तेच, भार मात्र सोळापट कमी.

ठोकळा कडक हवा. पातळ प्लाय किंवा पुठ्ठा पायाखाली वाकतो आणि भार पुन्हा मधल्या तेवढ्याच जागेवर येतो. किमान १२ मिलिमीटरचा चांगला प्लाय किंवा सागवानी तुकडा घ्या, कडा घासून गोल करा आणि खालच्या बाजूला फेल्ट (दाबलेल्या तंतूंचं जाड, मऊ कापड) चिकटवा.

वरचा हिशेब चारही पाय नीट टेकले असतील तरच खरा. जुन्या माडीची जमीन कुठं ना कुठं उतरलेली असते. मग कपाट डुगडुगतं आणि बराचसा भार तिरप्या कोपऱ्यांतल्या समोरासमोरच्या दोनच पायांवर जातो. अशा वेळी घडी घातलेला कागद किंवा पुठ्ठा सरकवू नका, तो पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. सुताराकडून पातळ लाकडी पाचर करून घ्या.

बरेच ग्राहक म्हणतात, "आमचं सागवान आहे, त्याला काय होतंय?" सागवान टिकाऊ आहे यात शंका नाही. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळं वाळवी आणि कूज त्यापासून लांब राहतात. पण टिकाऊपणा वेगळा आणि कडकपणा वेगळा. दाबाखाली सागवान मध्यम कडकच आहे, शिसव त्याच्यापेक्षा कडक. पाइनची फळी तर खुर्चीच्या पायानंसुद्धा दबते. लॅमिनेटचा वरचा थर ओरखड्यांना चांगला पुरतो, पण त्याच्या पोटात दाबलेला लाकडी भुसा असतो. तिथं पाणी शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

माशांच्या टाकीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिचं वजन कुणाच्या लक्षात येत नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचेच १९० किलो. काच, वाळू आणि स्टँड वेगळं. असा स्टँड चार बारीक पायांवर उभा करू नका, खाली सलग फळी द्या.

पायाखाली काय चालतं, काय नाही

जे रोज सरकतं त्याला फेल्ट, जे वर्षानुवर्षं एकाच जागी राहतं त्याला रुंद ठोकळा किंवा पसरट वाटी, असा आमचा साधा नियम आहे. खुर्च्यांना चिकटवायचं फेल्ट आमच्या हवेत फार दिवस राहत नाही. पावसाळ्यात गोंद ढिला पडतो, खुर्ची ओढली की गोल चकती बाजूला सरकते आणि पाय उघडा पडतो. त्यापेक्षा स्क्रूनं बसणारं फेल्ट घ्या. दर महिन्याला खुर्ची उलटी करून एकदा बघा. फेल्टमध्ये वाळूचे कण रुतले असतील तर ते ब्रशनं काढा, निघत नसतील तर फेल्ट बदला. वाळूचा कण पॉलिशपेक्षा कितीतरी कठीण असतो आणि रुतलेल्या कणांचं फेल्ट जमिनीवर पॉलिश पेपरसारखं फिरतं.

रबरी बूट मात्र नकोत. रबरातली आणि मऊ प्लास्टिकमधली काही रसायनं हळूहळू पॉलिशमध्ये उतरतात आणि पिवळा-तपकिरी डाग पडतो. तो पुसून जात नाही, कारण तो पॉलिशच्या वर नसून आत असतो. रबरी पाठीच्या पायपुसण्या आणि ट्रेडमिलखालच्या काळ्या मॅट यांचंही तेच. ट्रेडमिलखाली मॅट हवीच असेल तर आधी जमिनीवर प्लायचा तुकडा ठेवा आणि त्यावर मॅट टाका.

आता आपल्याकडची एक जुनी सवय. मुंग्या चढू नयेत म्हणून खाऊच्या कपाटाचे पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत ठेवतात. शहाबादी फरशीवर ही युक्ती उत्तम आहे. लाकडी जमिनीवर कृपा करून तसं करू नका. वाटी कलंडते, भरताना पाणी सांडतं, आणि वाटीखालची ओल महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही. त्यात पाय लोखंडी असला तर गंज, पाणी आणि लाकडातलं टॅनिन नावाचं नैसर्गिक द्रव्य एकत्र येऊन जमिनीवर काळाकुट्ट डाग पडतो. तो ऑक्झॅलिक आम्लानं बराचसा उतरवता येतो, पण ते विषारी आहे. घरी प्रयोग न करता आम्हाला बोलवा.

सामान हलवताना

वर्षभरात जेवढे ओरखडे पडत नाहीत तेवढे दसरा-दिवाळीच्या साफसफाईत एका दुपारी पडतात. कपाट आधी पूर्ण रिकामं करा. भरलेलं कपाट तिरकं करून एकेक पाय पुढं टाकत नेणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा सगळा भार एका कडेवर येतो. जमीन झाडून घ्या, मग जुनी वाकळ किंवा जाड घोंगडं अंथरा आणि कपाट उचलून त्यावर ठेवा. आता दोघांनी हळू ओढलं तरी चालतं. आधी न झाडता वाकळ टाकली तर खालचे खडे वाकळीबरोबर ओढले जातात, हे हमालांनाही आवर्जून सांगा. चाकांची ट्रॉली आणणार असाल तर वाटेवर प्लायच्या फळ्या टाका. नायलॉनची कडक चाकं फिरलेला पट्टा नंतर उन्हात स्पष्ट दिसतो.

पावसाळा आणि पूर

जून ते सप्टेंबर लाकूड हवेतली ओल घेतं आणि रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. खाली न चिकटवता, नुसत्या जोडणीवर तरंगत बसवलेल्या फ्लोअरिंगला म्हणून भिंतीकडेनं साधारण ८ ते १० मिलिमीटर फट ठेवतात, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकलेली असते. खोलीच्या दोन्ही टोकांना जड कपाटं ठेवली तर जमीन दोन्हीकडून दाबली जाते, मध्येच उचलते किंवा हिवाळ्यात सांधे उघडतात. जड सामान शक्यतो एकाच बाजूला ठेवा. भिंतीतलं कपाट करायचं असेल तर ते आधी स्लॅबवर बसवून घ्या आणि फ्लोअरिंग त्याच्यापर्यंत आणा. त्याचे स्क्रू फ्लोअरिंगमधून खाली नेऊ नका.

पंचगंगेकाठच्या पेठांतल्या ग्राहकांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत लोकांनी तळमजल्याचं सामान माडीवर चढवलं. तेच बरोबर आहे. पण घाईत फ्रिज, धान्याचे डबे, कपाट, शिलाई मशीन सगळं खोलीच्या मधोमध रचलं जातं. कडीपाटाच्या माडीला, म्हणजे लाकडी कड्यांवर (आडव्या तुळयांवर) पाट ठोकून केलेल्या मजल्याला, ते सोसत नाही. कडी मध्यावरच सगळ्यात जास्त वाकते. सामान भिंतीलगत ठेवा, आणि कपाट असं लावा की त्याची लांबी कड्यांना आडवी येईल, म्हणजे भार दोन-तीन कड्यांवर वाटला जाईल. पाटांवरच्या खिळ्यांची रांग बघितली की कडी कुठून जाते ते कळतं. आजच्या भारतीय मानकात घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. शंभर वर्षांची माडी असा हिशेब करून बांधलेली नाही आणि कडीची भिंतीत गेलेली टोकं कुजलेली आहेत का, हे वरून दिसत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ फुटांचा निरोप आला की जड वस्तू आधी वर घ्या. गडबड नसली की जागा बघून ठेवता येतात. वर ठेवण्यापूर्वी पाय कोरडे पुसा. माणसं झोपतात त्या खोलीत ढीग करू नका.

खड्डा पडलाच तर

तंतू दबले असतील तर आशा असते, तुटले असतील तर नसते. तेल किंवा मेण लावलेल्या भरीव लाकडावर ओला सुती कपडा ठेवून मध्यम गरम इस्त्री काही सेकंद टेकवली की दबलेले तंतू वाफेनं वर येतात. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असेल तर वाफ आत जात नाही, आधी तेवढा भाग घासावा लागतो. लॅमिनेटवर इस्त्री मुळीच नको. इंजिनिअर्ड फळी म्हणजे प्लायसारख्या थरांवर खरं लाकूड चिकटवलेली फळी; तिच्यावरचा खऱ्या लाकडाचा थर बऱ्याचदा २ ते ४ मिलिमीटरचाच असतो, तिथं आम्हाला विचारल्याशिवाय काही करू नका. १८-२० मिलिमीटरची भरीव फळी अनेकदा घासता येते, इंजिनिअर्ड एखाद-दोनदा, लॅमिनेट एकदाही नाही.

नवं पॉलिश झाल्यावर पहिला दिवस कुणी चालू नये. जड सामान आठवड्यानंतर ठेवा. सतरंजी-गालिचा किमान दोन आठवड्यांनी, आणि पॉलिश तेलाचं असेल तर महिन्यानं. सागवानाचा रंग उजेडात बदलतो, त्यामुळं कपाटाखालचा चौकोन वेगळा दिसतो. नवी जमीन असेल तर पहिल्या वर्षी गालिचा अधूनमधून जागेवरून हलवा.

नवं कपाट किंवा तिजोरी घेताना तिचं वजन आणि पायांचं माप लिहून आणा. त्या मापाचे ठोकळे आम्ही फेल्ट लावून तयार करून देतो. माडीवर ठेवायचं असेल तर आणण्यापूर्वी कळवा, आम्ही येऊन कड्या तपासून जागा दाखवू.