मासळी, ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण आहारातील

खाडीकाठची आगरी-कोळी गावे आणि भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या शेतकरी व आदिवासी वस्त्या यांच्या जेवणात भाताला किंवा तांदळाच्या भाकरीला जोड देणारा प्रमुख प्राणिज पदार्थ. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर खुल्या समुद्राचा बहुतेक किनारा तिकडे गेला. उत्तन-भाईंदरचा पट्टा वगळता ठाण्याकडे राहिल्या त्या खाड्या आणि उल्हास नदीचे खोरे. पापलेट-सुरमई खेड्यात पाहुण्यासाठी किंवा सणाला येते. रोजचा आधार सुकी मासळी आणि घरच्या माणसाने पकडलेले लहान मासे हाच असून, ग्रामीण आहाराचा विचार बाजारातल्या ताज्या मासळीवरून करणे चुकीचे ठरते.

सुक्या मासळीत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी हे प्रकार प्रमुख. ताज्या बोंबलात पाण्याचा अंश फार मोठा, नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणून तो लवकर नासतो आणि वाळवल्यावर अगदी हलका होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीवरच्या, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवावरच्या, दोरीवर टांगतात. सुक्या बोंबलात वजनाच्या सुमारे 60 टक्के प्रथिने असतात, आणि काट्यांसकट खाल्ल्याने कॅल्शियमही मिळते. बोंबील व जवळा सहसा नुसत्या उन्हावर वाळतात. मीठ लावून मुरवलेली खारी मासळी हा निराळा प्रकार होय.

जवळ्याबद्दल एक गैरसमज रूढ आहे. तो कोळंबीचे पिल्लू नव्हे. असेटिस इंडिकस ही प्रामुख्याने जवळा म्हणून ओळखली जाणारी जाती सर्जेस्टिडी या स्वतंत्र कुलातील आहे, तर खाण्यातल्या बहुतेक कोळंब्या पिनिडी कुलातल्या. पूर्ण वाढलेला जवळाही साधारण 2 ते 3 सेंमी. इतकाच भरतो. मात्र बाजारात सुकट म्हणून विकल्या जाणाऱ्या सुक्या जवळ्यात कोळंबीची पिल्ले व इतर बारीक मासळी मिसळलेली असू शकते, त्यामुळे सुकट आणि जवळा एकच मानणे शास्त्रीय दृष्ट्या सैल आहे. सोडे मात्र खऱ्या कोळंबीचे, सोलून वाळवलेले. महाग असल्याने ते जपून वापरतात.

सुकी मासळी घाटाच्या पायथ्यापर्यंत केव्हापासून पोचू लागली, याचा काळ ढोबळच सांगता येतो. रेल्वे ठाण्याला 1853 मध्ये आणि कल्याणला 1854 मध्ये आली, व तिच्यामुळे ही ने-आण वाढली असणार. परंतु कल्याण हे त्याच्या कितीतरी आधीपासूनचे बंदर. भरतीच्या पाण्यावर होड्या आतपर्यंत येत, आणि टिकाऊ, हलका माल तिथून डोक्यावरून गावोगाव नेणे अवघड नव्हते. त्यामुळे हा व्यवहार रेल्वेपूर्व असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. भाताच्या मोबदल्यात मासळी देण्याची रीतही त्याच जुन्या व्यवहाराकडे बोट दाखवते. 1882 च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये मासेमारीचे वर्णन आहे, पण शेतकऱ्याच्या ताटाकडे त्याचे लक्ष थोडेच.

पावसाळ्यापूर्वीची बेगमी म्हणजे आगोट. तांदूळ, मिरची, मसाल्याबरोबर सुकी मासळी कडक उन्हात पुन्हा तापवून डब्यात भरतात. लावणीच्या दिवसांत भाजी मिळत नाही आणि चुलीपाशी बसायला वेळ नसतो. तेव्हा भाजलेला बोंबील, कांद्यावर परतलेली सुकट किंवा चिंच-आमसुलाचे आंबट यावर घर भागते. उन्हाळ्यात सुकटीत कैरी पडते, एरवी वांगे किंवा बटाटा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. याच सुमारास वलगण लागते: पहिल्या मोठ्या पावसात नदी-ओढ्यांतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्यात, भातखाचरांत चढतात. मळ्या, शिंगटी, खवली असे मासे पाग, आसू अशा जाळ्यांनी किंवा नुसत्या हाताने धरले जातात. ते गाभोळीने (अंड्यांनी) भरलेले असल्याने चवीला उत्तम, पण तेच पुढच्या पिढीचे बीज; सरसकट पकडीने नदीतली मासळी घटते, हा आक्षेप रास्त आहे. कातकरी कुटुंबांत नदीचे मासे आणि खेकडे हे पूरक अन्नापेक्षा अधिक महत्त्वाचे असतात.

खाडीकाठी निवटे, बोय, चिंबोऱ्या, कालवे ही बायामाणसांनी चिखलात उतरून मिळवलेली, पैसे न मोजता ताटात येणारी मासळी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 मध्ये झाली. नव्या शहरासाठी शेते व मिठागरे संपादित झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले सांडपाणी खाडीत उतरले आणि ही मिळकत आटली. दिवाळे, सारसोळे येथे मासेमारी अजून चालते. ऐरोली, घणसोलीसारख्या मूळ गावांत मात्र निवटे आता बहुधा विकतच घ्यावे लागतात.

श्रावणात, तसेच मार्गशीर्षातल्या गुरुवारी बरीच घरे मासळी वर्ज्य करतात; माळकरी घरांत ती शिजतच नाही.