मासा दिसत नाही म्हणून शाकाहारी? जपानमध्ये तसं नसतं

जपानला निघालेल्या शाकाहारी मंडळींना हमखास सांगितलं जातं: मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप, टोफू, थंड सोबा (बकव्हीटच्या नूडल्स) बिनधास्त खा. हा सल्ला चुकीचा आहे.

अडचण दाशी नावाच्या पाण्यात, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ स्टॉकमध्ये आहे. साधारण लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कोंबू हे समुद्री शेवाळ भिजवून तापवतात, उकळी फुटायच्या आत काढतात. मग कात्सुओबुशी, म्हणजे धुरावलेल्या सुक्या माशाचे कागदासारखे पातळ काप, २०-३० ग्रॅम टाकून मिनिटा-दोन मिनिटांत गाळतात. वाडग्यात माशाचा कणही दिसत नाही, पण अर्क पूर्ण उतरलेला असतो. मिसो सूपचा आधार बहुधा हाच. सोबा बुडवायचा त्सुयू हा सॉस, आगेदाशी (तळलेल्या) टोफूवरचा रस, इनारी सुशीची तळलेल्या टोफूची पिशवी, सगळीकडे तो मुरलेला असतो.

‘मासा काढून द्या’ म्हणून उपयोग नाही. दाशी आधीच तयार असते. ऑर्डरआधीच विचारा: ‘कात्सुओ-दाशी हाइत्ते इमासु का?’ (यात कात्सुओ माशाची दाशी आहे का?)

दुकानातल्या पाकिटावर नुसता ॲलर्जीचा तक्ता बघू नका. कात्सुओ, म्हणजे कात्सुओबुशी ज्यापासून बनते तो मासा, तिथे उल्लेख सक्तीचा असलेल्या घटकांच्या यादीत नाही, त्यामुळे तक्ता कोरा आणि आत मासा, असं सहज घडतं. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घटकांची पूर्ण यादी वाचा. कोंबूच्या किंवा उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीतही, म्हणजे भाताच्या गोळ्यातही, कात्सुओ निघतो.

भाजलेलं रताळं, मिठातले एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण भरलेलं दाइफुकु (चिकट तांदळाची मिठाई) यांत सहसा अडचण येत नाही. पूर्ण जेवण हवं असेल तर कोयासान या बौद्ध मंदिरांच्या डोंगरावरच्या मंदिर-निवासात आधी बुकिंग करून शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध शाकाहारी जेवण, घ्या. तिथली दाशी कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची असते.