टस्कीगीच्या वैमानिकांनी एकही बॉम्बफेकी विमान गमावलं नाही?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या वर्णभेदी सैन्यात लढलेल्या आणि अलाबामातल्या टस्कीगी इथे प्रशिक्षण घेतलेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचा गौरव करताना एक वाक्य हमखास येतं: ‘त्यांच्या संरक्षणाखालचं एकही बॉम्बफेकी विमान शत्रूच्या विमानांनी पाडलं नाही.’ हे खरं नाही.

मार्च १९४५ मध्ये ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राने तसं छापलं आणि पुढे तेच फिरत राहिलं. हवाई दलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी या वैमानिकांच्या ३३२व्या फायटर ग्रुपचे, म्हणजे लढाऊ विमानांच्या दलाचे, मोहीम-अहवाल आणि बेपत्ता विमानांचे अहवाल ताडून पाहिले. त्या त्या दिवशी हा ग्रुप कोणत्या बॉम्बफेकी तुकडीसोबत होता, विमान कुठे, किती वाजता पडलं आणि कशामुळे, हे सगळं जुळलं तरच ते मोजलं. विमानविरोधी तोफांनी पाडलेली विमानं यात धरलेली नाहीत. तोफगोळ्यापुढे सोबतचं लढाऊ विमान काहीच करू शकत नाही. आकडा निघाला २७. त्यातली निम्म्याहून जास्त १८ जुलै १९४४ या एकाच दिवशी, जर्मनीतल्या मेमिंगेनच्या मोहिमेत पडली.

खुद्द या ग्रुपचे कमांडर बेंजामिन डेव्हिस यांच्या ९ जून १९४४च्या कामगिरीबद्दलच्या सन्मानपत्रातही ‘नुकसान थोडंच झालं’ असं आहे. ‘झालंच नाही’ असं नाही.

हा ग्रुप ज्या पंधराव्या एअर फोर्समध्ये होता, त्यातल्या पी-५१ लढाऊ विमानांच्या इतर ग्रुपांनी गमावलेल्या बॉम्बफेकी विमानांची सरासरी मात्र ४६ होती. खरा आकडा इतका भक्कम असताना खोट्याची गरजच काय?