पाप्याचं पितर आणि पोटातली चरबी

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यूडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा: २२.३. चरबी मात्र यूडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. यूडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठायची धावपळ, अशी कबुलीही त्याच लेखात होती. आणखी एक बारीकशी नोंद होती. याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं. तिच्याकडे नंतर येऊ.

आपल्याकडे 'पाप्याचं पितर' म्हणून ज्याची थट्टा होते, त्याला मधुमेह झाला की घरचे चक्रावतात. "अहो, हा तर केवढा बारीक!" हातपाय काटकुळे आणि पोटाचा तेवढा नगारा, अशी माणसं प्रत्येक लग्नात पंगतीला दिसतात. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले आकडेही हेच सांगतात. वजनाच्या हिशेबाने लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के, पोट सुटलेले ३९.५ टक्के. म्हणजे वजनकाट्याने पास केलेल्या कित्येकांना कंबरेच्या टेपने नापास केलं.

पोटातल्या चरबीचं एवढं कौतुक का? कारण ती नुसती साठवणीची कोठी नाही, रक्तात रसायनं सोडणारी ग्रंथीच आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने चरबीतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक शोधलं आणि चरबीकडे बघायची नजरच बदलली. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं. पाठोपाठ सापडलेलं अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र उलट्या स्वभावाचं. तेही चरबीतच तयार होतं, पण चरबी वाढली की रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. आणि ते घटलं की रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचं शरीरात कोणी फारसं ऐकत नाही.

इन्सुलिनचं न ऐकणं, म्हणजेच इन्सुलिन रेझिस्टन्स, हे या सगळ्याचं मूळ आहे असं अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये मांडलं. त्यांनी त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं, पुढे 'मेटाबॉलिक सिंड्रोम' हे नाव रुळलं. निदानाच्या पाच कसोट्या आहेत: आपल्या लोकांसाठी कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांपैकी तीन भरल्या की सिंड्रोम आहे असं धरतात.

आता एक माणूस कल्पा. कंबर ८९, ट्रायग्लिसराइड १४८, एचडीएल ४१, रक्तदाब १२८/८४, साखर ९८. लॅबच्या रिपोर्टवर एकही आकडा ठळक छापलेला नाही. घरी पेढे वाटावेत असा रिपोर्ट! पण हा गडी पाचही विषयांत काठावर पास झालाय, आणि असा विद्यार्थी पुढच्या इयत्तेत काय दिवे लावतो ते शिक्षकांना बरोबर ठाऊक असतं.

त्याच्याच रिपोर्टमध्ये एक गोष्ट लपलेली आहे. १४८ ला ४१ ने भागलं तर ३.६ येतात. उपाशीपोटीच्या ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागून उत्तर तीनच्या वर गेलं, तर इन्सुलिनला दाद मिळत नसल्याचा दाट संशय येतो. त्यामागची यंत्रणा मोठी मजेदार आहे. जेवणानंतर इन्सुलिन चरबीच्या पेशींना सांगतं, "आता माल बाहेर काढू नका." त्या ऐकेनाशा झाल्या की मेदाम्लं यकृताकडे वाहत राहतात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात पाठवतं. तिथे वाटेत एचडीएलच्या कणांशी देवघेव होते, ट्रायग्लिसराइड इकडून तिकडे आणि कोलेस्टेरॉल तिकडून इकडे. असे बिघडलेले एचडीएलचे कण लवकर मोडीत निघतात. म्हणून एक आकडा चढतो तेव्हाच दुसरा उतरतो. एका भागाकाराला काही पैसे पडत नाहीत, तरी तो कोणी करत नाही याचं मला नवल वाटतं.

साखर ही तशी उशिरा बोलणारी साक्षीदार. इन्सुलिनला दाद मिळेना झाली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं आणि साखर जागच्या जागी धरून ठेवतं, कधीकधी कितीतरी वर्षं. दोघांची उपाशीपोटीची साखर ९२ च असेल, पण एकाचं इन्सुलिन ५ आणि दुसऱ्याचं १६ असेल, तर दोघांची गोष्ट एक नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ मध्ये त्यासाठी एक हिशेब दिला, होमा. साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. पहिल्याचं उत्तर येतं १.१, दुसऱ्याचं ३.६. दोघांच्या साखरेवर लॅब 'नॉर्मल' लिहूनच देणार. एक अडचण आहे. इन्सुलिन मोजायची पद्धत लॅबगणिक बदलते, त्यामुळे या लॅबचा आकडा त्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीचंही तसंच. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची जागा. पण ही तपासणी साखर मोजते ती लाल पेशींच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली. लोह कमी पडून पंडुरोग झालेल्या बाईचा आकडा खोटा वर जाऊ शकतो. सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तोच आकडा खोटा खाली राहतो. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकल सेल बऱ्यापैकी आढळतो. तिथे एवढ्या एका आकड्यावर विसंबणं धोक्याचं.

दाह असला की रक्तात वाढणाऱ्या सीआरपी या प्रथिनाबद्दल थोडक्यात. पोटातली चरबी कायम मंद आचेवर दाह धुमसत ठेवते, तो या प्रथिनाच्या वाढीत दिसतो. पण हे प्रथिन डेंग्यूतही वाढतं आणि हिरड्या सुजल्या तरी वाढतं. सर्दीतापातून उठून केलेल्या तपासणीवरून हृदयाचं भविष्य काढू नये.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीतून वेगळीच बातमी आली. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलअ‍ॅलनिन ही पाच अमिनो आम्लं ज्यांच्या रक्तात जास्त होती, त्यांना पुढे बारा वर्षांपर्यंतच्या काळात मधुमेह होण्याचा धोका जास्त निघाला. संशोधन म्हणून उत्तम. पण 'प्रगत मेटाबॉलिक प्रोफाइल' असल्या नावाने कोणी ती महागडी तपासणी गळ्यात मारू लागलं, तर आधी कंबरेला टेप लावावा, आणि जुन्या रिपोर्टांची फाइल काढून पाच वर्षांत ट्रायग्लिसराइड कुठून कुठे गेलं ते बघावं. नव्या रसायनांनी त्यापलीकडे फार काही सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

खरं नवल आहे ते याहून खूप लहान वयातलं. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, स्नायूंनी तर फारच. फक्त पाठीवरची चरबी जवळजवळ राखलेली. पुण्यातल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त लंडनच्या बाळांशी ताडून पाहिलं, तेव्हा इन्सुलिन आपल्याच बाळांत जास्त निघालं. पाप्याचं पितर पोटातूनच तसं आलं होतं.

त्या सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातली जवळपास निम्मी अजूनही कमी वजनाची होती. तरी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली साखरेच्या तपासणीत उंबरठ्यावर किंवा पलीकडे निघाल्या. ज्यांची साखर अठराव्या वर्षी बिघडलेली होती, त्यांची ती सहाव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती. रेषेच्या आतच, पण वर. आयांच्या रक्तात बी१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (तेही बी गटातलंच जीवनसत्त्व) जास्त असेल, तर सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त आढळला होता, हेही याच गावांनी दाखवलं. म्हणून पुढे यातल्याच मुलामुलींना वयात येता येता बी१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग झाला. त्या मुली मोठ्या होऊन आया झाल्या, आणि संशोधकांनी पुन्हा नाळेतलं रक्त तपासायला घेतलं.