पहिल्याची साखर दुसऱ्याच्या यादीत

किराण्याच्या यादीसाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटं फंक्शन लिहिलं होतं. वस्तू द्यायची, ती यादीत जोडून यादी परत मिळणार. यादी दिलीच नाही, तर डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी. (पायथन 3 मध्ये नावं देवनागरीतही चालतात, म्हणून तशीच देतो.)

यादीत_घाल("साखर") → ["साखर"]
यादीत_घाल("चहा") → ["साखर", "चहा"]

दुसऱ्या गिऱ्हाइकाला नुसता चहा हवा होता. साखर पहिल्याची!

फंक्शनच्या आतली व्हेरिएबल्स (व्हॅल्यूंना दिलेली नावं) लोकल असतात, काम संपलं की जातात, हे आपण सुरुवातीलाच शिकतो. ते खरंच आहे, पण जातं ते नाव. 'यादी' हे नाव दर कॉलला, म्हणजे फंक्शन बोलावलं की दर वेळी, नव्यानं जन्मतं आणि संपतं. ते ज्या डिफॉल्ट यादीला चिकटवलेलं असतं, ती मात्र फंक्शनपाशीच राहते. कारण 'डेफ'ची (def, फंक्शन बनवणारी) ओळ चालते तेव्हाच पायथन डिफॉल्टची व्हॅल्यू एकदा काढतो आणि फंक्शनला बांधून ठेवतो. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत 2015 साली डिफॉल्ट आले, तिथे दर कॉलला नवी पत्रावळ मांडतात. पायथन एकच ताट, तेही न विसळता, पुढच्याला सरकवतो.

आकडे नि मजकूर जागच्या जागी बदलता येत नाहीत, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. यादी, डिक्शनरी (नाव-व्हॅल्यूच्या जोड्या) असली की सांभाळायचं: डिफॉल्ट 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवायचा आणि आत 'नन' दिसला तर नवी यादी करायची.

आता दुसरी गंमत. दर = 5 लिहिलं आणि त्याखाली व्याज(मुद्दल, टक्के=दर) हे फंक्शन केलं. पुढे दर 7 केला. टक्के न सांगता बोलावलं, तर व्याज 5 टक्क्यांनीच येतं. फंक्शनच्या पोटात थेट 'दर' वापरला असता तर 7 नं आलं असतं, कारण पोटातली नावं पायथन काम चालू असताना शोधतो: आधी आत, मग बाहेरच्या फंक्शनात, मग ग्लोबल, म्हणजे सगळ्या फंक्शनांबाहेरच्या नावांत, शेवटी भाषेच्या अंगभूत नावांत.

डिफॉल्ट आधीच बांधून ठेवायच्या या खोडीचा फायदाही होतो. लूपमध्ये (तेच काम फेरीफेरीनं करणाऱ्या ओळींत) तीन बटणं बनवली, प्रत्येकाला एक फंक्शन, प्रत्येकानं आपापला क्रमांक सांगायचा, तर तिन्ही शेवटचाच सांगतात. बटण दाबल्यावर ती एकाच व्हेरिएबलकडे बघतात आणि तोवर लूप संपलेला असतो. त्यावर उतारा म्हणून बटणाच्या फंक्शनच्या कंसात डिफॉल्ट लिहायचा: क्रमांक=क्रमांक. डावीकडचा आतला, उजवीकडचा बाहेरचा. त्या फेरीतली व्हॅल्यू तिथेच बांधली जाते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी टायपिंगची चूक समजून खोडून टाकलं होतं.